शिष्यवृत्ती आणि पदवी : एक ऐतिहासिक मागोवा

जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. भुकेल्यास दिलेल्या अन्नाचे फळ तत्काळ दिसते. ज्ञानदानाचे मात्र निकाल लागेपर्यंत, आणि कित्येकदा निकालानंतरही, थांबून पाहावे लागते. शासकीय शिष्यवृत्त्यांचा इतिहास याची साक्ष देतो.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. १८६२ साली त्याच्या पहिल्या बी. ए. परीक्षेत जे चार विद्यार्थी उत्तीर्ण झाले, त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. पेशवाईत विद्वानांना मिळणाऱ्या दक्षिणेचा निधी इंग्रज सरकारने उच्च शिक्षणाकडे वळविला होता. रानडे त्याच निधीतील दक्षिणा फेलो होते. विद्यार्थिदशेत त्यांनी एका निबंधात इंग्रजी अमलाच्या तुलनेत मराठेशाहीची बाजू उचलून धरली, म्हणून प्राचार्य ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखली. रानडे डगमगले नाहीत. १८६४ साली एम. ए. आणि १८६६ साली एलएल. बी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या.

अजिंठ्याचा घाट उतरून पुढे गेले की ब्रिटिशांचे खानदेश लागे. घाटमाथ्यावर मात्र निजामाचे राज्य होते. त्या राज्याने १८९५ साली सरोजिनी चट्टोपाध्याय या सोळा वर्षांच्या मुलीस शिष्यवृत्ती देऊन इंग्लंडला पाठविले. प्रकृतीच्या कारणाने १८९८ साली ती पदवी न घेताच परतली. कागदोपत्री हा खर्च वाया गेला असेच म्हणावे लागेल. परंतु हीच मुलगी सरोजिनी नायडू या नावाने कवयित्री म्हणून कीर्ती पावली, १९२५ साली काँग्रेसची अध्यक्ष झाली आणि स्वातंत्र्यानंतर संयुक्त प्रांताची राज्यपाल झाली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण याहून बोलके आहे. सयाजीराव महाराजांच्या बडोदे सरकारच्या साहाय्याने ते १९१२ साली बी. ए. झाले, १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली एम. ए. झाले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा लंडनमधील अभ्यास अर्धाच राहिला होता. पुढे मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसा साठविला. शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राकडून घेतलेले कर्ज त्यात मिळवून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी., १९२३ साली डी. एस्सी. आणि १९२७ साली कोलंबियाची पीएच. डी. असे त्यांचे निकाल लागले. बडोद्याचे खाते १९१७ सालीच मिटविले असते, तर त्यात यांपैकी एकही पदवी जमा दिसली नसती.

मिळालेल्या विद्येची परतफेड त्यांनी विद्येनेच केली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी केलेल्या पाठपुराव्यामुळे १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामानंतर १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठाच्या उर्दू माध्यमामुळे ज्या मराठी मुलांची कुचंबणा होत असे, त्यांना घराजवळ उच्च शिक्षणाचे दार उघडले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवीसाठी हैदराबादेकडे पाहण्याचे कारण उरले नाही.

जैन समाजास केंद्र शासनाने २०१४ साली अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली आणि शासकीय शिष्यवृत्त्यांचा मार्ग जैन मुलामुलींनाही मोकळा झाला. त्या योजनांत मागील परीक्षेत किमान ५० टक्के गुणांची अट होती. सार्वजनिक पैशास अशी अट असणे रास्तच आहे. हिशेबाशिवाय कोणताही व्यवहार टिकत नाही. तथापि एखाद्या वर्षी गुण घसरले, आजारपण आले किंवा विद्यार्थ्याने अप्रिय मत मांडले, तर शासनाचा हात आखडतो. नेमक्या त्याच वेळी समाजाच्या विश्वस्त निधीने पुढे व्हावे. शाहू महाराजांनी १९२० साली नेमके हेच केले होते. सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्तांनी आणि दात्यांनी ही गोष्ट मनावर घ्यावी. धान्याची पेरणी चार महिन्यांत हाती येते. विद्येचे खाते मात्र एका निकालावर बंद करावयाचे नसते.