दुसरा भाग कुणासाठी निघतो? भामरागडमधून पाहिलेला बॉक्स ऑफिसचा इतिहास

आज आपण कोटींच्या भाषेत बोलणार आहोत. शुक्रवारी सिनेमा लागतो, सोमवारी सकाळी मोबाइलवर आकडा येतो: इतके कोटी, तितके कोटी. त्या आकड्यावरून ठरतं की याचा दुसरा भाग निघणार की नाही. आता हा इतिहास नेहमी मुंबईतून सांगितला जातो. आज तो आपण भामरागडमधून सांगून बघू.

भामरागड म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचं पूर्वेकडचं टोक. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या इथे भेटतात, आणि पलीकडे छत्तीसगड सुरू होतं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. लोक मुख्यतः माडिया, घरची बोली माडिया. गावात सिनेमा थिएटर नाही. चंद्रपूरला जाऊन बघायचं म्हटलं तर दीडशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास. म्हणजे एका तिकिटासाठी एक मुक्काम.

आता साधा प्रश्न. जिथे तिकिटाची खिडकीच नाही, तिथल्या माणसाची आवड मोजायची कशी?

थोडं मागे जाऊ. आपल्याकडे सिनेमा सुरू झाला तोच मुळी फिरता. दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला आणि पुढे स्वतःच यंत्र बैलगाडीत घालून गावोगाव खेळ केले. 1917 च्या ‘लंकादहन’बद्दल तर असं सांगतात, की गल्ल्याची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून न्यावी लागायची. गोष्ट थोडी फुगलेली असेल, पण तिच्यातला क्रम लक्षात घ्या. आधी सिनेमा माणसाकडे जायचा, मग पैसा सिनेमाकडे यायचा.

‘भाग दोन’ ही कल्पनाही जुनी आहे. वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’ 1935 मध्ये आला. नाडियाच्या हातातला चाबूक आणि तिची घोडेस्वारी लोकांनी डोक्यावर घेतली. 1943 मध्ये ‘हंटरवाली की बेटी’ आला. फ्रँचायझी हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, पण हिशेब तोच होता. लोकांनी ज्याला एकदा पैसे दिले, त्याला ते पुन्हा देतील.

मराठीत हा हिशेब सगळ्यात पक्का कुणाला कळला असेल, तर दादा कोंडक्यांना. ‘सोंगाड्या’ 1971 चा. मग ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’. कथा वेगळ्या, पण तोच भोळा दिसणारा, आतून बेरकी माणूस, आणि बरेचदा सोबत उषा चव्हाण. नावात ‘दोन’, ‘तीन’ असे आकडे नव्हते एवढंच. बाकी ती मालिकाच होती. त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला, आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाल्याचं आपण सगळे ऐकत आलोय.

पण याच ‘सोंगाड्या’ची दुसरी गोष्टही आठवा. दादरच्या कोहिनूर थिएटरने देव आनंदच्या हिंदी चित्रपटासाठी ‘सोंगाड्या’ला जागा नाकारली होती. प्रकरण बाळासाहेब ठाकऱ्यांपर्यंत गेलं, शिवसैनिक उतरले, तेव्हा कुठे सिनेमा लागला, आणि मग धो धो चालला. म्हणजे प्रेक्षक आधीपासून होता. खिडकी उघडली तेव्हा तो मोजला गेला. आणि हे भर दादरमध्ये!

तेव्हाचं माप होतं आठवडे. पंचवीस आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव, पन्नास म्हणजे सुवर्णमहोत्सव. प्रिंट मोजक्या असायच्या. त्या आधी मोठ्या शहरात चालायच्या, मग जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला, आणि शेवटी घासून घासून रेघा पडलेली प्रिंट जत्रेतल्या तंबूत पोचायची. उशीर व्हायचा खरा. पण वितरकाच्या वहीत तंबूचे पैसेही जमा व्हायचे. जत्रेत जमिनीवर बसलेला माणूस त्या आकड्यात, उशिरा का होईना, येत होता.

मल्टिप्लेक्स आलं आणि माप बदललं. आठवड्यांच्या जागी आले पहिले तीन दिवस. प्रिंट गेली, सिनेमा डिजिटल झाला, एकाच सकाळी हजारो पडद्यांवर लागू लागला. तांत्रिकदृष्ट्या आता भामरागड आणि बोरिवली यांच्यात एका दिवसाचंही अंतर उरायला नको. पण त्यासाठी पडदा लागतो. पडदा नाही, तर पूर्वी सहा महिन्यांनी का होईना येणारा सिनेमा आता खिडकीच्या वाटेने येतच नाही. तो येतो मोबाइलमध्ये. बाजाराच्या दिवशी भरून घेतलेल्या मेमरी कार्डातून, एकाकडून दुसऱ्याकडे. बघणारे असतात, पण ते आकड्यात नसतात.

आणि आजच्या मालिका तर आकड्यावरच उभ्या आहेत. मराठीत ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे तीन भाग आले: 2010, 2015 आणि 2018. ‘टाइमपास’ 2014 ला आला, पुढच्याच वर्षी दुसरा भाग, आणि 2022 मध्ये तिसरा. ‘झपाटलेला’ 1993 चा. त्यातला तात्या विंचू वीस वर्षांनी थ्रीडीत परत आला. यात वाईट काही नाही. प्रेक्षकाला ओळखीचा माणूस पुन्हा भेटतो, निर्मात्याची जोखीम कमी होते. फक्त एक बघा, भाग दोन त्याच्यासाठी निघतो ज्याने भाग एकचं तिकीट काढलं. मुंबई-पुणे हा रस्ता ज्याच्या रोजच्या ओळखीचा आहे त्याच्यासाठी. आलापल्ली-भामरागड रस्त्यावरच्या माणसाची गोष्ट दुसऱ्या भागापर्यंत जाणार कशी, त्याच्यासाठी पहिला भागच दुर्मिळ.

गंमत म्हणजे जंगल मात्र भरपूर विकलं जातं. ‘बाहुबली’चा दुसरा भाग 2017 मध्ये आला आणि हजार कोटींचा गल्ला ओलांडणारा पहिला भारतीय चित्रपट ठरला. ‘पुष्पा’च्या दोन भागांत, 2021 आणि 2024 मध्ये, रक्तचंदनाच्या तस्करीने थिएटरं भरली. लाकूड, जंगल, पोलीस, ठेकेदार. आलापल्लीच्या सागवानाच्या मुलुखात राहणाऱ्याला यातलं काय नवीन आहे सांगा?

सगळ्यात जवळचं उदाहरण 2022 चं, ‘आरआरआर’. ती मालिका नाही, पण ‘बाहुबली’वाल्या राजामौलींचाच सिनेमा, आणि हजार कोटींच्या वर गेलेला. त्यातला भीम कोण? खरा कोमाराम भीम हा निजामाच्या राज्यातला गोंड नेता. 1940 मध्ये जोडेघाटच्या लढ्यात तो मारला गेला. आज त्याच्या नावाचा जिल्हा तेलंगणात आहे, आपल्या प्राणहितेच्या पलीकडे. सिनेमातला भीम कल्पनेतला, हे मान्य. पण हा सिनेमा थिएटरांत तेलुगू, हिंदी, तमिळ, कन्नड आणि मल्याळममध्ये लागला. भीमच्या स्वतःच्या गोंडी बोलीत नाही. नायक गोंड, पण ज्याच्या खिशातल्या तिकिटाचा हिशेब मांडला त्या प्रेक्षकांत गोंडी बोलणारा धरलाच नव्हता.

आणि खुद्द भामरागडवरचा सिनेमा? तोही आहे. भामरागडजवळ हेमलकसा इथे 1973 मध्ये बाबा आमट्यांनी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमट्यांनी तो उभा केला. 2014 मध्ये समृद्धी पोरे यांनी त्यावर चित्रपट केला, नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांना घेऊन. महाराष्ट्रभर लोकांनी तो पाहिला, हेमलकसा हे नाव घरोघरी गेलं. पण ज्या तालुक्याची ती गोष्ट, त्या तालुक्यात तो लागायला थिएटर नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, ‘अहो, तिकडे धंदाच नाही, लोक पैसे देणार नाहीत.’ त्याला मी वडशाला जायला सांगेन. याच जिल्ह्याच्या उत्तरेला देसाईगंज, म्हणजे वडसा. झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र. दिवाळीनंतर धान घरात आलं की इथल्या नाटक कंपन्या बाहेर पडतात. गावचं मंडळ ठरलेली रक्कम देऊन नाटक आणतं आणि तिकिटं विकून ती भरून काढतं. नाटक रात्री सुरू होतं ते पहाटेपर्यंत. लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, सोयरिकी जुळतात. कुरखेडा तालुक्यातल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. हा बॉक्स ऑफिसच आहे मंडळी. थंडीत रात्रभर बसणारा आणि पैसे मोजून बसणारा प्रेक्षक. फक्त याचा आकडा सोमवारी सकाळी कुणी छापत नाही.

झाडीपट्टीचं हे वेड दक्षिणेला भामरागडकडे जाताना विरळ होत जातं, कारण नाटक मराठीत आणि तिथली बोली माडिया. पण शिकायचं ते इथूनच. या नाटकवाल्यांनी लोकांना शहरात बोलावलं नाही. मंडप घेऊन ते स्वतः गेले. फाळके गेले होते, तसेच.

तेव्हा पुढच्या वेळी ‘या सिनेमाला सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं’ असं वाचलंत, तर एकदा मनात विचारा: सगळ्या म्हणजे कोणत्या? आकडा खोटा नसतो. तो खिडकीपाशी उभ्या असलेल्यांचा असतो. पर्लकोटेच्या पलीकडे खिडकी उघडेल, मग ती तंबूची असो की फिरत्या पडद्याची, तेव्हा तिथलाही माणूस मोजला जाईल. आणि जो मोजला जातो, त्याची गोष्ट कुणीतरी लिहायला घेतं.

आज इथेच थांबू. तुमच्या गावात पहिला सिनेमा कुठे आणि कसा पाहिला होतात, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. हो, आमचाही पुढचा भाग असतोच!