अंड्यांचे पैसे

आमचं मुर्धा गाव भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. राई, मुर्धा, मोर्वा ही तिन्ही नावं इथले लोक एका दमात घेतात. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. कचेरीवरची पाटी बदलली, पण आमच्या मागच्या दारचं खुराडं तसंच राहिलं.

बाबा मिठागरावर कामाला. मजुरीचा आणि भाताचा हिशेब त्यांच्याकडे. कोंबड्या मात्र आईच्या. अंडी विकून आलेले पैसे ती तांदळाच्या डब्यात, कागदात गुंडाळून ठेवायची. त्याला बाबांनी कधी हात लावला नाही.

कोंबडी खुडूक झाली की आई टोपलीत पेंढा घालून तिच्याखाली नऊ किंवा अकरा अंडी ठेवी. आठवड्याने रात्री एकेक अंडं दिव्यासमोर धरायची. आत लाल शिरा दिसल्या तर परत टोपलीत, नाहीतर बाजूला. एकविसाव्या दिवशी आतून टोच्यांचा आवाज यायचा, तेव्हा आम्ही पोरं शाळेला जायला कुरकुर करायचो.

पुढे काळजी सुरू. वरून घार, खालून मुंगूस. आणि सगळ्यात वाईट ती मानमोडी. शिकलेले लोक तिला राणीखेत म्हणतात. आज मान वाकडी झाली की दोन-चार दिवसांत अख्खं खुराडं रिकामं. पुढे लासोटाची लस मिळू लागली. थेंब डोळ्यात टाकताना मी कोंबडी धरायचो आणि ओरबाडून घ्यायचो.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला. देशातली ती पहिली साथ. तिथे लाखो कोंबड्या मारून पुरल्या. टीव्हीवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं दिसत होती आणि माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची. शेजारच्या इमारतीतले लोकही विचारायला लागले. आमची एकही कोंबडी आजारी नव्हती. तरी मी आईला म्हटलं, "ठेवायच्या नाहीत." विकायच्या तर कोणी घेईना. शेवटी चौदाच्या चौदा कापून, चुना टाकून पुरल्या. त्यात एक खुडूक होती, सोळा दिवस अंड्यांवर बसलेली. आई एवढंच म्हणाली, "पाच दिस तर राहिले होते."

खरं तर आमच्याकडे कोणी मारायला सांगितलं नव्हतं. भीती माझी होती.

त्या चैत्रात गावातल्या बायका कार्ल्याला एकवीरेच्या जत्रेला निघाल्या. आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बराच वेळ पदराचं टोक चाळवत होती. मग म्हणाली, "शंभर रुपये देशील का?" माझ्या आठवणीत आईनं कुणाकडे पैसे मागितल्याची ती पहिलीच वेळ. मी पाचशे दिले. तिनं शंभर ठेवले, बाकीचे परत केले.

कोंबड्या म्हणजे काय होत्या, ते मला त्या दिवशी कळलं.

पावसाळा सरल्यावर उत्तनच्या ओळखीच्या घरून मी चार तलंगा आणल्या. आईनं डालगं उघडलं, एकेकीचे पंख पसरून पाहिले. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आन् कोंबरा कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी मी परत उत्तनला गेलो.