धर्मशिक्षण, उत्क्रांती आणि कालामांना दिलेला उपदेश

संपूर्णपणे शासनाच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे भारतीय संविधानाचे कलम २८ सांगते. ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली. तिला उत्तर देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तीन अडचणी मांडल्या. करातून जमलेला पैसा एखाद्या धर्माच्या शिकवणुकीवर खर्च करणे न्याय्य नाही. धर्म अनेक असल्याने एकाला दिलेली मुभा सर्वांना द्यावी लागेल. आणि प्रत्येक धर्म आपलाच मार्ग मुक्तीचा एकमेव मार्ग मानत असल्याने शाळेतील शांतता भंगेल. यातील दुसरा मुद्दा सोलापूरकरांस समजावून सांगावयास नको. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी लिंगायत, पद्मशाली, मुस्लिम, ख्रिस्ती व बौद्ध कुटुंबे जेथे शेजारी नांदतात, तेथे महानगरपालिकेच्या शाळेने कोणता धर्म शिकवावा?

त्याच चर्चेत संस्कृत पाठशाळांचा प्रश्न निघाला. तेव्हा बाबासाहेबांनी एक मौलिक भेद स्पष्ट केला: धर्मशिक्षण वेगळे आणि अभ्यास वा संशोधन वेगळे. अमुक एका तत्त्वावर श्रद्धा ठेवावयास शिकविणे हे धर्मशिक्षण होय. ग्रंथाची चिकित्सा करणे हा अभ्यास होय. आजच्या वादाची किल्ली या भेदात आहे.

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील वैदिक संमेलनात तत्कालीन केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असून तो अभ्यासक्रमातून बदलला पाहिजे, असे विधान केले. वानराचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कोठे सांगितलेले वा लिहिलेले नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदनाद्वारे त्याचा प्रतिवाद केला. पुढे २०२३ मध्ये केंद्रीय पाठ्यपुस्तकांत दहावीच्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांती वगळली गेली. अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी याविरुद्ध पत्रक काढले. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय राहिला. परंतु जीवशास्त्र न घेणाऱ्या विद्यार्थ्याला तो भेटणारच नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात, भाग दोनमध्ये, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

पूर्वजांनी सांगितले नाही म्हणून असत्य, या युक्तिवादाला पालि साहित्यात नाव आहे: अनुस्सव, म्हणजे ऐकीव परंपरेचे प्रामाण्य. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी जी प्रमाणे पुरेशी नाहीत म्हणून सांगितली, त्यांत अनुस्सव अग्रस्थानी आहे. मात्र त्याच यादीत ‘पिटकसम्पदान’, म्हणजे ग्रंथाचे प्रामाण्यही आहे, हे विसरता कामा नये.

हे स्मरण आपल्यालाही आवश्यक आहे. दीघ निकायातील अग्गञ्ञ सुत्त दाखवून ‘डार्विनच्या आधी बुद्धांनी उत्क्रांती सांगितली’ असे सांगण्याचा मोह होतो. सुत्ताचा हेतू निराळा आहे. ब्राह्मणकुळात जन्मलेल्या वासेट्ठ व भारद्वाज यांना तथागत तेथे दाखवून देतात की, वर्ण ब्रह्म्याच्या मुखातून आले नाहीत. शेती, मालमत्ता, चोरी आणि दंड यांतून मनुष्यांनी समाजव्यवस्था घडविली. तो जीवशास्त्राचा पाठ नव्हे. त्याला तसे रूप देणे म्हणजे वेदांत विमाने शोधणाऱ्यांच्या पंक्तीस जाऊन बसणे होय.

उत्क्रांतीचे शास्त्र आपल्या ग्रंथाला दुजोरा देते म्हणून ते शिकवावयाचे नाही. पुराव्याने सिद्ध आहे म्हणून शिकवावयाचे. सर्व मानवजातीचे मूळ एक, हे ज्या मुलाला पुराव्यासह कळते, त्याच्यापुढे मुख, बाहू, मांड्या व पाय यांतून चार वर्ण निघाल्याची कथा प्रमाण म्हणून टिकत नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना त्या कथेच्या आधारे पाणवठ्यापासून दूर ठेवले गेले, त्यांच्या मुलांसाठी हा केवळ गुणांचा पाठ नाही. म्हणून धम्माचे संस्कार विहारात व्हावेत, धर्मग्रंथांचा चिकित्सक अभ्यास विद्यापीठात व्हावा, आणि सार्वजनिक शाळेत विज्ञान विज्ञान म्हणूनच शिकविले जावे. ही मागणी करताना आपल्या पिटकालाही आपण सवलत मागू नये.