प्रतीक्षेची वाटणी : टेलिफोन केंद्रापासून डिजिटल व्यासपीठापर्यंत

प्रस्तावना :
डिजिटल व्यासपीठावर तक्रार नोंदविताच ग्राहकाला क्रमांक मिळतो. आपली पाळी केव्हा येणार, हे मात्र त्याला बहुधा कळत नाही. कर्मचारी मोजके आणि विनंत्या वाढत्या असताना कोणाची विनंती आधी हाताळावी व त्यासाठी किती मनुष्यबळ नेमावे, हा प्रश्न संगणकयुगापूर्वीचा आहे. त्याचा शास्त्रीय अभ्यास टेलिफोन केंद्रात सुरू झाला. प्रस्तुत लेखात या वाटचालीचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

एर्लांग यांचे कार्य :
डॅनिश गणितज्ञ आग्नेर क्रारूप एर्लांग (१८७८-१९२९) हे १९०८ मध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीत रुजू झाले. यदृच्छेने येणाऱ्या कॉलच्या संख्येला पॉयसाँ वितरण लागू पडते, हे त्यांनी १९०९ मध्ये दाखविले. १९१७ मध्ये त्यांनी प्रतीक्षेची सूत्रे मांडली.

या सूत्रांचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. तासाला सरासरी ३० विनंत्या येतात व प्रत्येकीस सरासरी १० मिनिटे लागतात, असे मानू. हे काम ५ कर्मचाऱ्यांच्या पूर्ण वेळेइतके आहे. तथापि ५ कर्मचारी नेमल्यास रांग वाढतच जाते, कारण विनंत्या समान अंतराने येत नाहीत. ६ कर्मचारी असल्यास सरासरी प्रतीक्षा सुमारे ६ मिनिटे होते. ७ असल्यास ती दोन मिनिटांच्याही खाली येते. म्हणजेच वरकरणी रिकामा दिसणारा कर्मचारी हा अपव्यय नसून सेवेचा आधार असतो.

अग्रक्रमाचा प्रवेश :
एर्लांग यांच्या सूत्रात सर्व ग्राहक समान होते. १९५४ मध्ये अॅलन कोबहॅम यांनी अग्रक्रम असलेल्या रांगेचे गणित मांडले. पुढे लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६५ मध्ये प्रतीक्षेच्या अक्षय्यतेचा नियम सिद्ध केला. मनुष्यबळ तेवढेच असेल आणि सर्व विनंत्यांना सरासरी सारखाच वेळ लागत असेल, तर केवळ क्रम बदलून एकूण प्रतीक्षा घटत नाही. एकाची वाचलेली मिनिटे दुसऱ्याच्या वाट्याला येतात. अधिक मोबदला देणाऱ्या ग्राहकाला तत्पर सेवा देणारे व्यासपीठ, मनुष्यबळ न वाढविल्यास, इतरांची प्रतीक्षा वाढवीत असते.

महाराष्ट्रातील कायदा :
महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने अधिसूचित सेवा विहित कालमर्यादेत मिळण्याचा हक्क पात्र व्यक्तींना दिला. 'आपले सरकार' या संकेतस्थळावरून त्यासाठी अर्ज करता येतो. पुरेशा कारणाविना सेवा देण्यात कसूर करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अर्जदाराची ऐपत न पाहता प्रतीक्षेला कमाल मर्यादा घालणे, हे या कायद्याचे वैशिष्ट्य होय. परंतु दंड अधिकाऱ्यावर पडतो, तर मंजूर पदांची संख्या त्याच्या हाती नसते. एर्लांग यांच्या गणिताकडे दुर्लक्ष करून आखलेली कालमर्यादा कागदावरच राहण्याचा धोका असतो.

निष्कर्ष :
किती कर्मचारी नेमल्यास किती थांबावे लागेल, हे गणित सांगू शकते. कोणी थांबावे, हे ते सांगत नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे. म्हणून सेवा-व्यासपीठांचे मूल्यमापन करताना सरासरी प्रतीक्षेबरोबरच सर्वांत मागे राहणाऱ्याची प्रतीक्षाही मोजली जाणे आवश्यक आहे.