नागपुरचा बचाव आणि कामठ्याचा किल्ला

जुन्या कागदांच्या संग्राहकांस आरंभींच एक विनंति करून ठेवितों. १८१८ सालच्या एखाद्या पत्रांत 'कामठें' किंवा 'कामठा' असें नांव आढळल्यास तें नागपुरानजीकच्या कामठीचें समजूं नये. कामठीची लष्करी छावणी १८२१ त वसली. हें कामठें म्हणजे वैनगंगेच्या पूर्वेकडील जमीनदारीचें ठाणें. पूर्वीं तें भंडारा जिल्ह्यांत मोडे, १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत आहे. फरक एका अक्षराचा दिसतो खरा, परंतु नागपुरच्या राजधानीसाठीं जो झगडा झाला त्याची शेंवटची कडी त्यांतच आहे.

त्या झगड्याचें वर्णन आपल्याकडे बहुधा सीताबर्डीच्या टेकड्यांवर सुरू होऊन तेथेंच संपतें. २४ नोव्हेंबर १८१७ रोजीं अप्पासाहेब भोसल्यांनीं पेशव्यांकडील वस्त्रें उघड दरबारांत स्वीकारलीं. २६ च्या सायंकाळीं लढाई जुंपली व सुमारें अठरा तास चालली. अरबांनीं लहान टेकडी घेतली, पण ती टिकली नाहीं. इंग्रजांकडील चौदाशेंच्या आंतबाहेर माणसांपैकीं ३६७ मेलीं किंवा जखमी झालीं. हें सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस बोलावयाचें आहे तें त्यापुढचें.

१२ डिसेंबर रोजीं जनरल डव्हटन फौजेसह नागपुरास पोंचला. १६ रोजीं सकाळीं अप्पासाहेब स्वतः रेसिडेंट जेंकिन्स याच्याकडे गेले. तोफखाना हवालीं करण्याचें ठरलें होतें. पण तो ताब्यांत घेण्यास पलटणी पुढें सरकतांच भोसल्यांच्या बाजूनें गोळे सुटले, लढाई झाली आणि तोफा गेल्या. गणपतराव सुभेदार घोडदळ घेऊन निसटले व पुढें बाजीरावास मिळाले. राजा शत्रूच्या हातीं, घोडदळ वाटेस लागलेलें; आणि राजधानींत सुमारें पांच हजार अरब व हिंदुस्थानी शिपाई मनभटाच्या हाताखालीं दरवाजे लावून बसलेले, अशी ती विलक्षण स्थिति होती.

या शिपायांस भाडोत्री म्हणून निकालांत काढण्याची चाल पडली आहे. ते पगारी होते हें कोण नाकारतो? पण विरुद्ध बाजूचे शिपाई तरी बिनपगारी थोडेच होते! त्यांचा पगार थकला होता, बायकापोरें व चीजवस्त शहरांत होती. राजाच्या शब्दावर सर्व टाकून निघावें, तर राजाचा शब्दच त्याच्या स्वाधीन राहिला नव्हता. त्यांनीं अटी मागितल्या, त्या प्रथम मान्य झाल्या नाहींत. २४ डिसेंबर रोजीं डव्हटनच्या फौजेनें जुम्मा दरवाजावर, म्हणजे महालांतील आजच्या गांधी दरवाजावर, हल्ला चढविला. खिंडार पडलें होतें. तथापि आंतून व बाजूनें असा मारा झाला कीं हल्लेखोरांस माघार घ्यावी लागली. त्यानंतर मात्र वाटाघाट मार्गीं लागली, आणि ३० डिसेंबर रोजीं अरब आपलीं कुटुंबें, सामान व खाजगी हत्यारें घेऊन शहराबाहेर पडले. सीताबर्डी हरलेल्या पक्षानें सहा दिवसांपूर्वीं एक हल्ला परतविला होता, हें ही तारीख लिहितांना विसरूं नये.

आतां कामठ्याकडे वळूं. मार्च १८१८ मध्यें अप्पासाहेबांस कैद झाली. १३ मे रोजीं ते इंग्रजांच्या पहाऱ्यांतून निसटले व महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयास गेले. त्यांच्या बाजूनें लांजी-कामठ्याच्या मुलखांत चिमणा पाटील उठला. नागपूर केव्हांच हातचें गेलें होतें, तरी नागपुरच्या गादीसाठीं कामठ्याचा किल्ला लढविला गेला. सप्टेंबर १८१८ मध्यें कॅप्टन गॉर्डन यानें तो घेतला. जमीनदारी चिमणा पाटलाच्या कुणबी घराण्याकडून जाऊन लोधी घराण्याकडे आली.

संशोधकांच्या दृष्टीनें शेंवटची गोष्ट महत्त्वाची. जमीनदारी एका घराण्याकडून दुसऱ्याकडे गेली म्हणून पहिल्याचें दप्तर दुसऱ्याकडे जातेंच असें नाहीं. तेव्हां १८१८ पूर्वींचे कामठ्याचे कागद शोधणारानें केवळ जमीनदारांच्या वाड्यावर विसंबूं नये. लांजी, किरनापूर व आमगांवाकडील जुन्या पाटील-पांड्यांच्या घरचे रुमाल सोडून पाहावे, आणि त्यांत 'कामठें' हें नांव दिसल्यास सूचींत तें कामठीखालीं नोंदवूं नये.