पडवीत घडणारं आक्रमण: खो-खोच्या सरावाची गोष्ट

मागच्या आठवड्यात डहाणूला घरी गेलो होतो. तलासरीच्या वाटेवर एका शाळेच्या पडवीत पोरं रांगेत उकिडवी बसलेली आणि शिट्टी वाजली की नुसतीच उठत होती. बाहेर धो धो पाऊस. सोबतचा मित्र म्हणाला, "हे काय चाललंय रे?" म्हटलं, खो-खोचं आक्रमण तयार होतंय. आजचा भाग त्याच्यावरच.

आधी थोडा इतिहास. खो-खो तसा जुनाच खेळ, पण त्याचे नियम नीट लिहून काढले ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने, १९१४ साली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली १९५९-६० मध्ये, विजयवाड्याला. आता नियमातली गंमत ऐका. आक्रमण करणारे नऊ जण. आठ बसलेले, एकाआड एक उलट तोंडं करून. पळणारा एकटा. त्याला मधली रेष ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा घेतली की खांब येईपर्यंत मागे फिरता येत नाही. समोरचे तीन संरक्षक मात्र कुठूनही कुठेही पळतात. म्हणजे एकट्या आक्रमकाचे हात नियमांनीच बांधलेत. सुटका एकच, वेळेवर खो.

हे मला शाळेत कळलं, पण हरल्यावर. साल २०१२. पालघर जिल्हा व्हायला अजून दोन वर्षं होती, आम्ही ठाण्यातच मोजले जायचो. वर्गात सगळ्यात वेगवान मी, आणि ते डोक्यात गेलेलं. तालुक्याच्या सामन्यात एका गड्याच्या मागे लागलो, खो द्यायचं नावच नाही. तो बसलेल्यांच्या मधून पलीकडे जायचा, मी खांबापर्यंत पळत राहायचो. नऊ मिनिटांत आम्ही दोनच गडी टिपले. बाकीचे आठ जण बसून माझं पळणं बघत होते. परत येताना गाडीत माझ्याशी कुणी बोललं नाही.

पुढच्या जूनमध्ये सरांनी सराव पडवीतच सुरू केला. पहिले काही दिवस फक्त उठणं. टाच उचललेली, हात जमिनीला टेकलेले, पाठीवर थाप आणि 'खो' ऐकू आला की पहिलं पाऊल. मग संरक्षकाशिवाय नुसती साखळी: खो, दोन पावलं, खो. वेग कुणीच मोजत नव्हतं, थाप आणि उठणं यातलं अंतर मोजलं जायचं. तिसऱ्या टप्प्यात एकच संरक्षक. त्याला आपल्याला हवं तिकडे, खांबाकडे, कसं ढकलायचं ते शिकायचं. खांबावरचा सूर सगळ्यात शेवटी, पावसाने माती मऊ झाल्यावर.

मला सरांनी मध्ये बसवलं. राग आला होता. पण ऑगस्टपर्यंत कळलं, की मी दोन पावलं पळून खो दिला की समोरचा जास्त दमतो. आज ऑफिसात एक सर्व्हर काम दुसऱ्याकडे सोपवतो ना, तेव्हा मला तीच साखळी दिसते.

२०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीग आली. मातीऐवजी मॅट, आणि 'वजीर', म्हणजे कुठल्याही दिशेला वळू शकणारा आक्रमक. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवलं. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे.

वजीर आला तरी बाकीच्यांना दिशा पाळावीच लागते, खो द्यावाच लागतो. त्या पडवीतल्या पोरांकडे मॅट नव्हती, पायात बूटही नव्हते. पण एक बारकं पोर थाप पडायच्या आतच उठलं, तेव्हा सरांनी सगळ्यांना थांबवलं आणि परत पहिल्यापासून बसायला लावलं. बरोबर केलं.

तुमच्या शाळेत सराव कसा व्हायचा, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!