दक्षिण ध्रुवीय समुद्रातील ॲसिडियन

खडकाला चिकटून राहणाऱ्या आणि डिवचल्यास पाण्याची चिळकांडी उडविणाऱ्या पिशवीसारख्या सागरी प्राण्यांना ॲसिडियन म्हणतात. त्यांच्या बेडकाच्या पिलासारख्या डिंभाच्या शेपटीत पृष्ठरज्जू असल्याने ते पृष्ठवंशी प्राण्यांचे दूरचे आप्त ठरतात.

‘चॅलेंजर’ मोहिमेत (१८७२-७६) दक्षिण महासागरातूनही गोळा झालेल्या ॲसिडियनांचे वर्णन विल्यम हर्डमन यांनी केले. अंटार्क्टिक जातींवरील ऑस्ट्रेलियाच्या पॅट्रिशिया कॉट यांचा ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला.

परिरक्षक द्रवात नमुन्याचा रंग उडतो, शरीर आक्रसते. त्यामुळे केवळ बाह्य रूपावरून जात ठरविता येत नाही. विच्छेदन करून कल्ल्यांची रचना आणि जननग्रंथींचे स्थान पाहावे लागते. कल्ल्यांच्या रचनेवरून ॲप्लूसोब्रँकिया, फ्लेबोब्रँकिया व स्टोलिडोब्रँकिया असे तीन गण मानले जातात.

अचूक ओळखीचे महत्त्व औषधसंशोधनात दिसून येते. हर्डमन यांनी १९०२ मध्ये वर्णन केलेल्या ‘सिनोइकम ॲडेरिॲनम’ या जातीत मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींना मारक ठरणारे पामेरोलाइड-ए हे संयुग आढळल्याचे २००६ मध्ये जाहीर झाले. ते प्रत्यक्षात या प्राण्याच्या शरीरात राहणारा जिवाणू तयार करतो, असे २०२१ मधील जनुकीय अभ्यासातून पुढे आले. या जिवाणूचा माग काढायचा, तर आधी त्याच्या आश्रयदात्याची जात निश्चित व्हावी लागते.